एक वार, दोन वार, उद्या पाठवतो

हिमाचल प्रदेशात, शिमला जिल्ह्यात, कोटखाई नावाचा सफरचंदांचा मुलूख आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथल्या एका दुचाकीच्या नंबराचा ऑनलाइन लिलाव झाला. नंबर होता एचपी ९९ – ९९९९. सरकारी बोली एक हजार रुपये. सव्वीस जण उतरले आणि बघता बघता आकडा १,१२,१५,५०० रुपयांवर गेला. स्कूटर लाखाची, पाटी कोटीची.

सगळ्यांनी त्या कोटीबद्दल तोंडात बोट घातलं. मला मात्र शेवटच्या पाचशेचं कौतुक वाटतं. एक कोटी बारा लाख पंधरा हजारांपर्यंत पोचलेला माणूस तिथे क्षणभर थांबला असणार. उगाच हजार कशाला वाढवा, पाचशेत काम होतंय, असा त्याने हिशेब केला असणार. म्हणजे गृहस्थ मुळात काटकसरी. आणि काटकसरी माणसाला शोभेल असंच तो पुढे वागला. पैसे भरलेच नाहीत.

हिमाचलात हवा थंड असते, डोकं जरा बधिर होत असेल, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण २०२५ च्या नोव्हेंबरात हरियाणात एचआर ८८ बी ८८८८ या नंबराला १ कोटी १७ लाखांची बोली लागली. सरकारी बोली पन्नास हजारांची. देशभर बातमी झाली, बोलीदाराचे फोटो छापून आले, पैसे भरायची मुदत आली आणि गेली. अनामत जप्त झाली, पण ती होती हजारांतली. तेव्हा तिथले परिवहनमंत्री अनिल विज यांनी या माणसाची मालमत्ता आणि उत्पन्न तपासायचे आदेश दिले. आपल्या देशात लोकांची चौकशी होते ती पैसे असल्याबद्दल. नसल्याबद्दल चौकशी लागलेला असा माणूस विरळाच.

या दोघांना मी दोष देणार नाही. ऑनलाइन लिलावात बोली लावणारा आणि पैसे भरणारा हे दोन वेगळे इसम असतात, हे त्यांच्यामुळे एवढ्या मोठ्या रकमेने सिद्ध झालं, इतकंच. दोघं एकाच सदऱ्यात राहतात, एकाच ताटात जेवतात, पण एकमेकांशी त्यांची ओळख नसते. पहिला रात्री दहाला झोपतो आणि दुसरा सकाळी सातला उठतो.

मराठी माणसात तर हे दोघे फारच लांब राहतात. आपण जन्मभर भाव खाली आणत जगतो. मंडईत वीस म्हटलं की बारा, रिक्षावाल्याने ऐंशी म्हटलं की आपण मीटरकडे बोट, लग्नाच्या हॉलवाल्याने तारीख सांगायच्या आधी आपण सवलत विचारलेली. अशा माणसाला लिलाव एका रात्रीत उलटा टांगतो. आकडा वर न्यायचा, तोही आपणच, तोही चारचौघांच्या देखत! सुरुवातीला संकोच वाटतो, मग एखादं जुनं बंधन तुटल्यासारखा माणूस सुटतो. कढीपत्ता फुकट मिळाला नाही म्हणून भाजीवाली बदलणारा सद्गृहस्थ एका बोलीत दीडशे रुपये वाढवतो आणि वर हसरा चेहरा टाकतो.

जुन्या नाण्यांचा लिलाव चालणाऱ्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी आहे. प्रेक्षक म्हणून. माझी बोली कधी पन्नास रुपयांपुढे गेलेली नाही, त्यामुळे माझा शब्द आजवर अबाधित आहे. ग्रुपवर शनिवारी रात्री नऊ ते दहा लिलाव चालतो. ॲडमिन नाण्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो टाकतात, खाली वजन, धातू, टांकसाळ, सरकारी बोली आणि किमान वाढ. पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया, ११.६६ ग्रॅम, मुंबई टांकसाळ, सुरुवात बाराशे, वाढ पन्नास. नियम वर चिकटवून ठेवलेले आहेत: बोली लावली म्हणजे घेतली; लावलेली बोली डिलीट करू नये; चोवीस तासांत पैसे; गुड मॉर्निंग पाठवू नये. यातला शेवटचा नियम तेवढा सर्वांना अपमानास्पद वाटतो.

नवे सभासद अधूनमधून घरातली ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट घेऊन येतात. सुरुवात पंधरा लाख, कारण व्हिडिओत तसं सांगितलंय. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये पत्रक काढून बजावलं, की जुन्या नाण्यानोटांच्या खरेदी-विक्रीसाठी आमच्या नावाने शुल्क आणि कमिशन मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. तरी नोट येतेच. ॲडमिन शांतपणे लिहितात, "काका, कोपऱ्यावरच्या दुकानात हिचे पूर्ण पाच रुपये मिळतील." काका ग्रुप सोडतात.

खरी गंमत दहा वाजून गेल्यावर. लिलाव संपतो, ॲडमिन हातोड्याचं चित्र टाकतात, विजेत्याचं अभिनंदन होतं, फुलांचे गुच्छ येतात. विजेता नम्रपणे हात जोडतो. मग ॲडमिन क्यूआर कोड पाठवतात आणि विजेत्याच्या घराण्याला एकाएकी शांततेचा वारसा असल्याचं आठवतं. निळ्या टिका दिसतात, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी संदेश येतो, "दादा, कुरिअर धरून ना?" मग, "साडेअठराशे आहे ना, अठराशे करून टाकू." मग, "फोटोत चकाकी जास्त वाटली होती." मग, "गिऱ्हाईक जपायला हवं, दादा." रात्रभर शत्रूच्या तोफांना तोंड देऊन स्वतःच वर नेलेला भाव हा माणूस आता स्वतःच खाली आणायला निघालेला असतो. लिलावात त्याने फक्त घासाघीस करायचा हक्क जिंकलेला असतो. बाकी सगळे बाजूला झाले, आता आपण आणि दादा.

ही पद्धत मोबाइलबरोबर आली, असं मानायचं कारण नाही. कांद्याच्या बाजार समितीत जाऊन बघा. व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॅक्टरभोवती फिरतो, ओंजळभर कांदा वरखाली होतो, बोली ठरते, पावती फाटते. ट्रॅक्टर खळ्यावर जाऊन रिकामा व्हायला लागला की ट्रॉलीच्या तळचा कांदा बारीक निघाल्याचा साक्षात्कार व्यापाऱ्याला होतो आणि तो वांधा काढतो. शेतकऱ्याचा माल जमिनीवर, ट्रॅक्टर भाड्याचा, दिवस कललेला. तिथे हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आमच्या ग्रुपवर निदान नाणं विकणाऱ्याच्या कपाटातच असतं.

सबबींचं म्हणाल तर त्या नाण्यांपेक्षा दुर्मीळ कधीच नसतात. पहिला मान नातवाचा. दोन-अडीच वर्षांचा हा मुलगा आजोबांचा फोन घेतो, कुलूप उघडतो, बरोबर नाण्यांच्या ग्रुपवर जातो आणि किमान वाढीचा नियम पाळून १७५० लिहितो. तोच फोन त्याने कधी मंगलाष्टकांच्या ग्रुपवर वापरल्याचं ऐकिवात नाही. दुसरी सबब नेटवर्कची. बोली जायला नेटवर्क होतं, पैसे जायला नाही. तिसरी, "घरात विचारून सांगतो." हे विचारणं लिलावाआधी का होत नाही, हे विचारायची पद्धत नाही. एकाने तर कळवलं की तो आकडा बोली नव्हता, तो दुसऱ्याच्या बोलीवरचा अभिप्राय होता.

मात्र एका शिवराईच्या वेळी विजेत्याने जे उत्तर दिलं त्याला तोड नाही. तांब्याची झिजलेली शिवराई, बोली अकराशेवर सुटली. पैसे मागितले तेव्हा त्यांनी लिहिलं, "महाराजांच्या नाण्याचा बाजार मांडणं मनाला पटत नाही." रात्री नऊ ते दहा पटत होतं. ग्रुपवर दोघांनी त्यांना मुजराही केला.

पण या थोर परंपरेला आंतरराष्ट्रीय आधार आहे. २००९ मध्ये पॅरिसला क्रिस्टीजच्या लिलावात काशाची दोन मुंडकी आली, एक उंदराचं आणि एक सशाचं. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी बीजिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला तेव्हाची ती लूट. त्साई मिंगछाओ नावाच्या चिनी संग्राहकाने फोनवरून दोन्हींवर मिळून तीन कोटी युरोंच्या वर बोली लावली, जिंकली आणि मग पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, की पैसे देणार नाही, हे मी देशासाठी केलं. त्यात निदान एक हिशेब होता. त्याने तो लिलाव जाणूनबुजून बुडवला, आणि पुढे २०१३ मध्ये फ्रेंच उद्योगपती पिनो यांच्या घराण्याने ती मुंडकी चीनला भेट दिली. आमच्या शिवराईवाल्यांनी पुढच्याच शनिवारी व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर बोली लावली.

कायदा काय म्हणतो, हे एका वकील सभासदाने आम्हाला शिकवलं. त्यांना स्वतःला एका बोलीतून बाहेर पडायचं होतं, म्हणून त्यांनी १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम ६४ ग्रुपवर टाकलं. त्यात म्हटलंय, की हातोडा पडला किंवा रूढ पद्धतीने विक्री जाहीर झाली की व्यवहार पुरा होतो; तोपर्यंत बोलीदाराला बोली मागे घेता येते. एक वार, दोन वारपर्यंत तुम्ही मोकळे, तीन वार म्हटलं की अडकलात. वकीलसाहेबांचा युक्तिवाद असा, की ॲडमिननी टाकलेलं हातोड्याचं चित्र जुन्या फोनवर चौकोनी डबा दिसतं, सबब हातोडा पडलाच नाही. ॲडमिन निवृत्त तलाठी. ते म्हणाले, "मग आपण नवा फोन घ्या आणि पुन्हा बघा, पडलेलाच दिसेल."

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र वकीलसाहेबांनी टाकली नाही. विकणाऱ्याने भाव चढवायला खोट्या बोली लावल्या, तर घेणाऱ्याला व्यवहार नाकारता येतो. आमच्याकडे या कामाला मेहुणा असतो. मेहुण्याचा डीपी सूर्यास्ताचा, नावाच्या जागी नुसतं टिंब, आणि तो फक्त एकाच विक्रेत्याच्या नाण्यावर जागा होतो. त्याची पंचाईत होते ती समोरचा ऐन वेळी थांबला तर. मग नाणं मेहुण्यालाच जातं, म्हणजे परत त्याच कपाटात, आणि दोन आठवड्यांनी "नव्याने हाती आलेला सुंदर नमुना" म्हणून बाहेर येतं. एक १९३९ चा रुपया मला असा तीनदा भेटलेला आहे. अस्सल १९३९ चा षष्ठ जॉर्ज इतका दुर्मीळ, की तो लागोपाठ तीनदा भेटणं हाच त्याच्या नकलीपणाचा पुरावा.

शेवटच्या सेकंदाला बोली टाकणाऱ्यांबद्दल ग्रुपवर फार कडवटपणा आहे. तासभर गप्प बसायचं आणि नऊ एकोणसाठला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकल्यासारखं १९०० टाकायचं. लोकांना वाटतं हे मोबाइलमुळे झालं. सॅम्युएल पीप्स हा इंग्लंडच्या नौदल कचेरीतला रोजनिशीकार १६६२ मध्ये जहाजांच्या लिलावाला बसला होता. तेव्हा इंचभर मेणबत्ती पेटवत आणि ती विझण्याआधीची शेवटची बोली खरी धरत. सगळे आरडाओरडा करत होते आणि एक पठ्ठ्या नेमका शेवटच्या क्षणी बोलत होता. पीप्सने त्याला गुपित विचारलं. तो म्हणाला, ज्योत विझताना धूर खाली उतरतो, तो दिसला की बोलायचं. साडेतीनशे वर्षांपूर्वी धुराकडे बघणारा तो माणूस आज घड्याळाकडे बघतो, एवढंच.

ईबे या संकेतस्थळावर लिलाव ठरल्या सेकंदाला बंद होतो. ॲमेझॉनने एके काळी लिलाव चालवले तेव्हा शेवटी बोली आली की वेळ वाढायची. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हींकडची बोली तपासली आणि शेवटच्या घटकेची झुंबड ईबेवर कितीतरी जास्त असल्याचं दाखवलं. हे वाचून आमच्या ॲडमिननी नियम केला: शेवटच्या बोलीनंतर पाच मिनिटं शांतता असेल तरच लिलाव बंद. झुंबड थांबली. लिलावही थांबेना. दोन बोलीदार दर चार मिनिटं पन्नास सेकंदांनी पन्नास-पन्नास रुपये वाढवत राहिले, आणि ॲडमिनच्या घरी रात्री एकला दिवा बघून शेजाऱ्यांनी तब्येतीची चौकशी केली.

याच ग्रुपवर एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्या बोली लावतात, जिंकल्या तर दुसऱ्या मिनिटाला पैशांचा स्क्रीनशॉट येतो, सोबत पत्ता, पिनकोडसह. कुरिअर पोचलं की नाण्याचा फोटो आणि "मिळाले". त्यांच्याबद्दल ग्रुपमध्ये आदर आहे असं मी म्हणणार नाही. दहशत आहे. बाईंची बोली पडली की बाकीचे हळूच निघून जातात. समोरचा खरोखर पैसे भरणार आहे हे कळल्यावर खेळायला मजा राहत नाही. परिणामी बाईंना नाणी स्वस्तात मिळतात. हे एवढं सरळ गणित आहे, तरी कुणी करून बघत नाही.

ईबेची सुरुवात खरं तर बाईंसारख्या माणसाने झाली. १९९५ मध्ये पिअर ओमिड्यार यांनी ईबे सुरू केलं, तेव्हा त्याचं नाव ऑक्शनवेब होतं. त्यांनी स्वतःचा मोडका लेझर पॉइंटर विकायला ठेवला. तो १४ डॉलर ८३ सेंटना गेला. मोडका आहे, कळलंय ना, असं त्यांनी घेणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, मी मोडकेच जमवतो. जिथे मोडक्या वस्तूचे पैसे पूर्ण मिळाले, तो धंदा वाढणारच. आपल्याकडे बाजी डॉट कॉम हे संकेतस्थळ ईबेने २००४ मध्ये सुमारे पाच कोटी डॉलर मोजून घेतलं, आणि २०१८ मध्ये ईबे इंडियाचं दुकान बंद झालं. या दोन घटनांच्या मधल्या काळात किती जणांनी "उद्या पाठवतो" म्हटलं असेल, याचा अंदाज मला आहे.

समोरासमोर हे चालत नाही. मुंबईच्या ससून डॉकवर पहाटे मासळीचा लिलाव बघावा. पाटीभोवती बायका, आवाज चढलेला, बोट हललं की बोली. तिथे एखाद्याने पाटी घेतली म्हणून सांगावं आणि मग "नातवाने बोट हलवलं" म्हणावं! पुढच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकायची तयारी असलेला माणूसच ते करील. आमच्या ॲडमिननी चिडून फार तर "खेदजनक" लिहिलं.

बोली पाळणारे लोक मुळीच नाहीत असंही नाही, पण पाळू नये ती हमखास पाळतात. नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यात उमराणे गावी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी मंदिरासाठी म्हणून लिलाव झाला, बोली दोन कोटींच्या वर गेली, आणि सरपंचपद बोली जिंकणाऱ्याच्या बाजूला जाणार असं ठरलं. सगळा गाव शब्दाला जागायला तयार! शेवटी राज्य निवडणूक आयोगाला २०२१ च्या जानेवारीत मध्ये पडून तिथली निवडणूकच रद्द करावी लागली.

चुकून लागलेली बोली पाळल्याचं एकच ठसठशीत उदाहरण मला माहीत आहे, आणि ते आयपीएलमधलं आहे. १९ डिसेंबर २०२३, दुबई. पंजाब किंग्जच्या टेबलावरून शशांक सिंगवर वीस लाखांची बोली लागली, हातोडा पडला, आणि मग टेबलावर कुजबुज सुरू झाली की हा नको होता. लिलाव चालवणाऱ्या मल्लिका सागर यांनी सांगितलं, हातोडा पडला आहे. विषय संपला. पुढे संघाने खुलासा केला, की यादीत एकाच नावाचे दोन खेळाडू होते आणि आम्हाला हवा तोच मिळाला. २०२४ च्या एप्रिलमध्ये अहमदाबादला याच शशांकने २९ चेंडूंत नाबाद ६१ करून गुजरातविरुद्ध २०० धावांचा पाठलाग पुरा केला, आणि पुढच्या मोसमासाठी पंजाबने त्याला साडेपाच कोटींना ठेवून घेतलं. मी ही हकीकत ग्रुपवर टाकली. एकाने विचारलं, "त्याचा टी-शर्ट लिलावात आहे का?"

अखेर ॲडमिननी परवा सरकारी मार्ग धरला. यापुढे बोली लावायची असेल तर आधी शंभर रुपये अनामत. पैसे बुडवले तर जप्त, नाहीतर वर्षअखेर परत. संदेश पडताच ग्रुपला जाग आली. जुन्या सभासदांना सवलत आहे का, असं एकाने विचारलं. नवरा-बायको मिळून एकच भरली तर चालेल का, असं दुसऱ्याने. वकीलसाहेबांनी व्याजाचा मुद्दा काढला. "पन्नास करा," कुणी तरी लिहिलं. "पंच्याहत्तर," दुसऱ्याने मध्यस्थी केली. त्यानंतर नक्की काय झालं ते कळलं नाही. बहुधा आकडा वर जाताना पाहून सवयीचा हात सुटला असावा. "८०." "९०." "१००." मग मेहुणा आला आणि त्याने ११० लिहिलं. पाच मिनिटं शांतता. ॲडमिन जेवत होते, त्यांनी वर न वाचताच हातोडा टाकला.

मेहुण्याने अजून पैसे भरलेले नाहीत. कुरिअर धरून का, असं विचारतोय.